गुलाब तुम्हाला आवडला... पण तुमच्या मातीला?

व्हॅलेंटाइन डेच्या आदल्या शनिवारी सगळं पुणं गुलाबाची फुलं विकत घेत होतं, तेव्हा मी गुलाबाची झाडं विकत घेत होते. एक-दोन नाही, चांगली आठ! प्रत्येक पिशवीला एक चकचकीत फोटो लटकवलेला. एक मखमली काळपट लाल, एक जांभळा, एक पिवळा-नारिंगी, एक तर चक्क हिरवट पांढरा. ‘सगळे डच आहेत मॅडम, एकदम एक्स्पोर्ट क्वालिटी,’ असं विकणारा म्हणाला आणि मी विरघळले. रविवारी सकाळी ती आठ झाडं दोन खोक्यांत घालून मी दौंडच्या गाडीत बसले. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘लग्नाचं डेकोरेशन का गं?’

डेकोरेशन नव्हतं. ही झाडं होती बाबांसाठी.

बाबा रेल्वेत होते. आमचं सगळं लहानपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. क्वार्टर छोटं, पण पुढे बारा फूट लांबीचा गुलाबाचा वाफा. नाइट ड्युटी संपवून आले, की बाबा आधी वाफ्याशी उभे राहायचे आणि मग घरात यायचे. आई म्हणायची, ‘मी दारात उभी असते, पण यांना आधी गुलाब दिसतात!’ अडीच वर्षांपूर्वी, मे महिन्यात बाबा रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं. फ्रिज, कपाट, देव, आईचं शिलाई मशीन, सगळं टेम्पोत चढलं. वाफा कसा चढवणार? बाबा काही बोलले नाहीत. फक्त निघताना त्यांनी झाडांना पाणी घातलं.

नवं घर गावाबाहेरच्या सोसायटीत. पुढे बारा बाय चारची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली. नऊ महिने ती तशीच मोकळी राहिली. आईचे फोन यायचे, ‘अगं, पाचला उठतात आणि पेपर येईपर्यंत नुसते बसून राहतात.’ मी ठरवलं, आपणच सरप्राइज द्यायचं. क्रेडिट कार्ड काढलं आणि प्रॉब्लेम सोडवून टाकला. निदान मला तेव्हा तसं वाटलं!

मे महिन्याचा रिझल्ट

आठ झाडांपैकी पाच झाडं मे महिन्याच्या आत गेली. दोन जगली, पण त्यांची पानं लिंबासारखी पिवळी पडली, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. आठवं झाड मात्र सॉलिड वाढलं. कमरेएवढं, मग खांद्याएवढं. बाबा फोनवर कौतुकानं सांगायचे, ‘तुझं ते जांभळं काय वाढतंय बघ!’ फूल मात्र एकही नाही. बाबा म्हणायचे, ‘येईल गं. आधी अंग धरू दे.’

पावसाळ्यात आमच्या गल्लीत माळीकाम करणारे एक काका आले. त्यांनी झाड पाहिलं, खाली वाकून बुंध्याशी माती उकरली आणि हसले. ‘साहेब, तुमचा गुलाब केव्हाच मेला. हा खुंट वाढतोय.’

चार महिने बाबा भलत्याच झाडाला पाणी घालत होते. मला इतकं कसंतरी झालं! बाबांनी काहीच न बोलता नळ बंद केला आणि आत गेले. त्या दिवशी मला कळलं, की मी त्यांना गुलाब दिलेच नव्हते. मी त्यांना फोटो दिले होते.

वरचा गुलाब, खालचा गुलाब

मग मी पत्रकाराला जे येतं ते केलं. प्रश्न विचारत सुटले. सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचन हा सगळा नर्सऱ्यांचा पट्टा. तिथल्या एका नर्सरीत एक काका भेटले. वय साठीच्या पुढे, हातात बडिंगचा चाकू. मी माझी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘खुंट कुठला होता?’

मला तोपर्यंत वाटायचं, गुलाबाचं झाड म्हणजे एक झाड. पण नर्सरीत मिळणारा बहुतेक गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. मुळं एका रांगड्या, जंगली जातीची. तिला खुंट म्हणतात. त्या खुंटाच्या सालीत टी आकाराची चीर पाडून हव्या त्या जातीचा एक डोळा बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. डोळा फुटला, की वरचा जंगली शेंडा छाटून टाकायचा. याला म्हणतात डोळा भरणं. फोटोतलं फूल येतं ते त्या डोळ्यातून. पण मातीशी, पाण्याशी, क्षारांशी रोजचा संसार करतो तो खुंट. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण त्याच्याबद्दल विचारतही नाही.

आपल्याकडे हे खुंट मुख्यतः तीन. रोझा इंडिका, रोझा मल्टिफ्लोरा आणि एडवर्ड. यातला मल्टिफ्लोरा थोड्या आंबट, भुसभुशीत जमिनीत खूश असतो. चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह उचलता येत नाही. मग पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. म्हणजे तंतोतंत माझी दोन झाडं! इंडिका मात्र चुना आणि खारवटपणा बऱ्यापैकी सोसतो.

आता दौंडची माती बघा. काळी, भारी, चुनखडीची. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हातभर भेगा. पाऊस साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कारण सह्याद्री ओलांडून इथवर येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीला पांढरा थर बसतो. मी बाबांच्या वाफ्यातली माती सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेतली. मातीचा सामू ८ च्या वर. गुलाबाला साधारण साडेसहा ते साडेसात आवडतो. घरच्या घरी ढोबळ अंदाज हवा असेल, तर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं, की समजा चुनखडी भरपूर आहे.

आणि डच गुलाबांचं काय? तेही काकांनीच सांगितलं. व्हॅलेंटाइनच्या सीझनला परदेशी जाणारे पुणे जिल्ह्यातले गुलाब येतात ते मुख्यतः मावळातून, तळेगाव दाभाड्याच्या फ्लोरिकल्चर पार्कमधून आणि आसपासच्या पॉलिहाऊसमधून. टॉप सिक्रेट, ताजमहाल, पॅशन, बोर्डो ही सगळी तिथली मंडळी. त्यांना डोक्यावर प्लास्टिकचं छप्पर, ठिबकमधून मोजून खत आणि मावळची हवा लागते. ते लांब दांडीसाठी आणि खोक्यातल्या प्रवासासाठी निवडलेले असतात. दौंडच्या मे महिन्यात उघड्यावर उभं राहण्यासाठी नाही. एसी ऑफिसातल्या माणसाला दुपारी बारा वाजता खडी फोडायला उभं करावं, तसं मी त्यांना उभं केलं होतं. त्यातही फेब्रुवारीत! मुळं जेमतेम रुजतात तोवर उन्हाळा हजर.

काकांचा फंडा एका वाक्यातला होता. ‘गुलाब खालून वर निवडायचा पोरी. आधी माती, मग खुंट, मग जात. फोटो सगळ्यात शेवटी.’

शिरूरचा प्रॉब्लेम वेगळाच

हे सगळं ज्ञान मी उत्साहानं फोनवर दादाला ऐकवलं, तर तो म्हणाला, ‘मग आमच्याकडेही ये की. तुझ्या वहिनीला दारात गुलाब हवेत.’ दादा रांजणगावच्या एमआयडीसीत आहे. रोज पुण्याहून नगर रोडचं ट्रॅफिक खाण्यापेक्षा त्यानं शिरूरला रो-हाऊस घेतलं. मी दौंडहून निघाले. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं, की दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये भीमा. नदी ओलांडली, की दौंड तालुका संपतो आणि शिरूर सुरू होतो.

मला वाटलं होतं, दौंडचंच उत्तर इथे कॉपी-पेस्ट करू. पण दादाच्या दारातली माती पूर्ण वेगळी. हातभर खाली गेलं, की मुरूम. पाणी घातलं, की पाच मिनिटांत गायब. दौंडला मुळं पावसाळ्यात पाण्यात बुडतात आणि इथे उन्हाळ्यात तहानेनं मरतात. शिवाय वाफ्याची जागा पश्चिमेच्या भिंतीलगत. दुपारनंतरचं सगळं ऊन त्या भिंतीवर आणि भिंतीची धग झाडांवर.

इथे रंग महत्त्वाचा ठरतो, हे मला माहीत नव्हतं. गडद, काळपट लाल पाकळ्या उष्णता जास्त शोषतात आणि कडेनं करपतात. फोटोत सगळ्यात रोमँटिक दिसणारा गुलाब एप्रिलमध्ये सगळ्यात आधी भाजतो! गुलाबी, पांढरे, फिकट रंग तिथे टिकून राहतात. लाल हवाच असेल, तर उजळ लाल घ्यावा आणि त्याला दुपारची थोडी सावली मिळेल अशा टोकाला लावावा.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे माणसं. दादाची शिफ्ट बदलती. वहिनी शाळेत शिकवते. आठवड्यातून एक रविवार मिळतो, त्यातला अर्धा झोपेत. बाबांसारखं सकाळ-संध्याकाळ झाडापाशी उभं राहणं इथे कुणालाच शक्य नाही. मग फवारणीचं वेळापत्रक लागणारा नखरेल गुलाब इथे लावायचाच कशाला?

तुम्हाला नक्की काय हवंय?

वहिनीला विचारलं, फुलं कशासाठी हवीत? ती म्हणाली, ‘रोज देवाला दोन-चार आणि येता-जाता दारात रंग दिसला पाहिजे. फ्लॉवरपॉट वगैरे काही नाही.’ झालं, निम्मा प्रश्न सुटला!

कारण गुलाब म्हणजे एकच प्रकार नाही. दांडीला एक मोठं, टोकदार कळीचं फूल येतं तो हायब्रिड टी. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या ‘ला फ्रान्स’पासून ही मालिका सुरू झाली असं मानतात. फूल देखणं, पण झाडावर एका वेळी मोजकीच फुलं. फ्लोरिबंडाला फुलं थोडी लहान, पण झुबक्यानं येतात. वाफ्यात लांबून जो रंगाचा पट्टा दिसतो तो बहुतेक वेळा फ्लोरिबंडाचा असतो. मिनिएचर गुडघ्याएवढा, कडेला लावायला. आणि आपला गावठी गुलाब! त्यातला एडवर्ड हा मूळचा बूर्बाँ गुलाब. हिंदी महासागरातल्या ज्या बेटाला आज रियुनियन म्हणतात, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा वर्ग पुढे आला. तिकडचा पाहुणा आपल्याकडे इतका मुरला, की त्याला आपण गावठी म्हणतो. फूल साधं, पाकळ्या लगेच गळणाऱ्या, पण वास असा की देव्हारा भरून जावा. शिवाय तो स्वतःच्या मुळांवर, साध्या फांदीवरून वाढतो. म्हणजे खुंट वर येऊन गुलाब गायब होण्याची भानगडच नाही.

म्हणून शिरूरच्या वाफ्यात भिंतीकडे दोन एडवर्ड लावले. मधल्या ओळीत चार फ्लोरिबंडा. त्यात पांढरा आइसबर्ग, जर्मनीच्या कोर्डेसनं १९५८ मध्ये आणलेला आणि जगभरातल्या बागांमध्ये पोचलेला. त्याच्या जोडीला बंजारन, आपल्या भारतीय जातींपैकी एक, पिवळ्या-शेंदरी छटांचा. कडेला तीन मिनिएचर. दहा बाय तीनच्या जागेत एवढंच. दादा म्हणाला, ‘फारच रिकामं वाटतंय.’ मी म्हटलं, ‘थांब. पुढच्या वर्षी गर्दी वाटेल.’

भारतीय जातींचा विषय निघालाच आहे, तर एक नाव सांगायलाच हवं. डॉ. बी. पी. पाल. गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. या माणसाचा छंद काय, तर गुलाबाच्या नव्या जाती काढणं! दिल्ली प्रिन्सेस, डॉ. होमी भाभा, मोहिनी अशा कितीतरी जाती त्यांच्या. या जाती आपल्याकडच्या उन्हातच जन्मल्या आणि उन्हातच निवडल्या गेल्या. इम्पोर्टेड फोटोंच्या गर्दीत नर्सरीत यांची नावं आवर्जून विचारा.

डब्यातले डोळे

दौंडचा वाफा मात्र अजून रिकामा होता. बाबांना विचारलं, ‘तुम्हाला कुठला हवाय?’ बाबा म्हणाले, ‘कुठलाही चालेल.’ हे उत्तर म्हणजे काय असतं, ते प्रत्येक मुलीला माहीत असतं. आईनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, ‘अहो, सांगा की खरं. क्वार्टरमधला हवाय म्हणून!’

क्वार्टरमधला गुलाब म्हणजे ग्लॅडिएटर. उंच, दणकट, उजळ लालसर गुलाबी, तळव्याएवढं फूल. महाराष्ट्रात पॉलिहाऊस येण्याआधी उघड्या शेतात ज्या गुलाबानं बाजार सांभाळला, तो हाच. आजही उघड्यावरच्या लागवडीत त्याचं नाव पहिल्या रांगेत असतं. म्हणजे मी पुण्यातून आठ फोटो उचलून आणले आणि दौंडला मानवणारा गुलाब दौंडमध्येच, दोन किलोमीटरवर उभा होता.

डिसेंबरात आम्ही दोघं क्वार्टरवर गेलो. तिथे आता एका तरुण लोको पायलटचं कुटुंब राहतं. बाबा गेटपाशीच थांबले. मीच आत जाऊन सांगितलं. ती वहिनी पदर खोचत बाहेर आली आणि म्हणाली, ‘काका, आत या ना. तुमचीच झाडं आहेत ही.’ वाफ्यात तीनच झाडं उरली होती. ग्लॅडिएटर होता, पण थकलेला. दोन फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत आलेल्या. बाबांनी त्याच्यावरून नुसता हात फिरवला.

डोळकाडी कशी निवडायची ते बाबांना माहीत होतं. नुकतंच फूल होऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी. अंगठ्यानं काटा बाजूला दाबायचा. कट्कन स्वच्छ निघाला, की फांदी तयार. बाबांनी चार काड्या कापल्या, पानं काढून फक्त देठ ठेवले, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि त्यांच्या ड्युटीच्या जुन्या स्टीलच्या डब्यात घातल्या. मग आम्ही उरुळीची गाडी पकडली. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच बाबा डबा घेऊन गाडीत बसले होते!

नर्सरीवाल्या काकांनी आधी नाहीच म्हटलं. ‘दहा-बारा डोळ्यांसाठी कोण बसणार?’ बाबांनी डबा उघडला. काकांनी एक काडी उचलली, वास घेतला, फिरवून बघितली. ‘जुना माल आहे,’ म्हणाले. ‘इंडिकावर भरतो.’ पुढची वीस मिनिटं दोघं खाली मांडी घालून बसले आणि मला विसरून गेले.

बारापैकी सहा डोळे फुटले. काका म्हणाले, थकलेल्या झाडाचे एवढे आले म्हणजे खूप झाले. ती रोपं उन्हाळाभर नर्सरीतच नेटखाली राहिली आणि जुलैत, पहिला चांगला पाऊस झाल्यावर दौंडला आली.

तोवर बाबांनी वाफा तयार ठेवला होता. दीड-दोन फूट माती काढली. खाली विटांचे तुकडे आणि मुरूम, वर पोयट्याची माती आणि भरपूर कुजलेलं शेणखत. सगळा वाफा जमिनीपासून नऊ इंच उंच, म्हणजे काळ्या मातीत पाणी साचलं तरी मुळं कोरडी. ग्लॅडिएटर उंच वाढतो, म्हणून मागे. पुढे एक क्वीन एलिझाबेथ, आईच्या आवडीचा गुलाबी. १९५४ ची जात, पण अजून कुणाला हार जात नाही. आणि एक डबल डिलाइट, माझा हट्ट म्हणून. त्याच्या साईरंगी पाकळीची कड ऊन लागेल तशी लाल होत जाते आणि दौंडमध्ये उन्हाची कमतरता नाही! थंडीत त्याला भुरी येते, हे काकांनी आधीच बजावलं. बाबा म्हणाले, ‘येऊ दे. एखाद्याचे लाड करायला मला वेळ आहे.’

वाफा म्हणजे शेवटी वेळेचा हिशेब आहे. बाबांकडे वेळ आहे, म्हणून डबल डिलाइट. दादाकडे नाही, म्हणून एडवर्ड.

वाफा करायचाय? मग हे बघाच!

• ऊन: दिवसाला किमान सहा तास. सकाळचं मिळालं तर उत्तम. कॉट किंवा खुर्ची टाकून एक सुटीचा दिवस जागेवर ऊन मोजा, मग नर्सरीत जा.

• खुंट: जातीच्या आधी खुंट विचारा. चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी असेल तर इंडिका. विकणाऱ्याला खुंट सांगता आला नाही, तर दुसरी नर्सरी गाठा.

• जोड: डोळा भरलेली गाठ मातीच्या वर दिसली पाहिजे. गाठीच्या खालून निघालेली फूट म्हणजे खुंटाची. ती मुळापासून ओढून काढा, नुसती कापू नका. सात पानांची फांदी म्हणजे जंगली, असं सगळे सांगतात. ते नेहमी खरं नसतं. पानं मोजू नका, फूट कुठून निघाली ते बघा.

• अंतर: हायब्रिड टी अडीच ते तीन फूट, फ्लोरिबंडा दोन फूट, मिनिएचर एक ते दीड फूट. हवा खेळली नाही, तर पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके आणि हिवाळ्यात भुरी ठरलेली.

• मुहूर्त: जून-जुलैचा पाऊस किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर. फेब्रुवारीत फुलं घ्या, झाडं नको!

• पाणी: सकाळी, बुंध्याशी, सावकाश. संध्याकाळी पानांवरून शॉवर नको.

• आच्छादन: दौंड-शिरूरकडे उसाचं पाचट मुबलक असतं. बुंध्यापासून थोडं लांब ठेवून त्याचा तीन-चार इंचांचा थर द्या. मेमध्ये हेच झाडाला वाचवतं.

• छाटणी: मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर साधारण सहा ते सात आठवड्यांनी बहर. पहिल्या वर्षी कात्री हलकी चालवा.

• आणि खरेदीआधी: जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जा. फोटो नाही, खरं फूल बघा आणि आवडलेल्याचं नाव लिहून आणा. मग नर्सरीत विचारा, ‘हा आमच्याकडे उघड्यावर टिकेल का?’

सहावं झाड

दसऱ्यानंतर बाबांनी शेंडे छाटले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर फोटो आला. बाबांना कॅमेरा नीट धरता येत नाही, त्यामुळे फोटोत अर्धा त्यांचा अंगठा आणि अर्धा ग्लॅडिएटर. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या शनिवारी मी दौंडला गेले. वाफा बघितला आणि झाडं मोजली. क्वीन एलिझाबेथ एक, डबल डिलाइट एक, ग्लॅडिएटर पाच. म्हटलं, ‘बाबा, सहा आणले होते ना? एक गेलं का?’

आईच हसली. ‘गेलं नाही. यांनी पावसाळ्यातच नेऊन दिलं.’

क्वार्टरमधलं जुनं झाड आणखी एखादं वर्षच काढेल, हे बाबांनी त्या दिवशीच ओळखलं होतं. म्हणून सहावं रोप सायकलच्या कॅरिअरला बांधून ते तिकडे घेऊन गेले, जुन्या वाफ्यात स्वतः खड्डा घेतला आणि लावून आले. आता दर रविवारी चक्कर असते. लोको पायलटच्या पोराला ते खुंटाची फूट ओळखायला शिकवताहेत.

आणि माझे ते आठ चकचकीत फोटो? आईनं ते फ्रिजवर चिकटवलेत. म्हणते, ‘खरंच खूप सुंदर आहेत गं. इथे अगदी छान टिकलेत!’